डबक्यातल्या माशाला प्रश्न विचारणारा शास्त्रज्ञ

वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक सहसा पेशी, संप्रेरके, रोगजंतू किंवा औषधे यांवर प्रयोगशाळेत आयुष्य वेचणाऱ्या संशोधकांच्या वाट्याला येते. १९७३ साली मात्र ते अशा तिघांना विभागून देण्यात आले, ज्यांनी मधमाश्या, हंस, कुरव पक्षी आणि मासे यांच्याकडे आयुष्यभर टक लावून पाहण्याखेरीज वरकरणी दुसरे काही केले नव्हते. ऑस्ट्रियाचे कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्झ हे त्यांपैकी दोघे. तिसरे होते निकोलास ऊर्फ निको टिनबर्गन. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास हे विसाव्या शतकात एक काटेकोर शास्त्र म्हणून उभे राहिले, ते मुख्यतः या तिघांच्या कामामुळे. टिनबर्गन यांच्या वाट्याची सुरुवात झाली ती हेग शहरातील एका घराच्या परसात, चरातून जाळीने पकडून आणलेल्या बोटभर लांबीच्या एका माशापासून.

टिनबर्गन यांचा जन्म १५ एप्रिल १९०७ रोजी हेग येथे झाला. पाच भावंडांत ते तिसरे. वडील शाळेत डच भाषा शिकवीत आणि मध्ययुगीन डच साहित्याचे ते जाणकार होते. घर साधे, अभ्यासू आणि आनंदी होते. थोरले बंधू यान पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून जगद्विख्यात झाले आणि १९६९ साली, म्हणजे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक सुरू झाले त्याच वर्षी, रॅग्नर फ्रिश यांच्यासमवेत त्याचे मानकरी ठरले. धाकटे लुक पक्षिशास्त्रज्ञ झाले. एका शिक्षकाच्या घरातील दोन सख्ख्या भावांनी असे पारितोषिक मिळवावे ही विलक्षण गोष्ट खरी. पण लहानपणच्या निकोकडे पाहून असे काही भाकीत कुणी केले नसते. वर्गात त्यांचे मन फारसे रमत नसे. हॉकी, बर्फावरचे स्केटिंग आणि वाळूच्या टेकड्यांवरची भटकंती यांत मात्र ते तासन्‌तास रंगून जात.

या भटकंतीला त्या काळच्या हॉलंडमध्ये एक प्रतिष्ठा होती. समुद्राला बांध घालून मिळवलेल्या त्या सखल देशात जिकडेतिकडे कालवे, चर आणि डबकी. एली हाइमान्स आणि याक. पी. थायसे या दोन शाळाशिक्षकांनी १८९० च्या दशकात मुलांसाठी निसर्गविषयक छोटी पुस्तके लिहिली. त्यांतले १८९५ सालचे एक पुस्तक चर आणि डबकी यांतील जीवसृष्टीलाच वाहिलेले होते. पुढच्याच वर्षी या मंडळींनी सजीव निसर्गाला वाहिलेले एक मासिक सुरू केले. मेलेली फुलपाखरे टाचण्यापेक्षा जिवंत प्राणी पाहा, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता. दूरदेशीचे काही आणायला नको. आपल्या दाराशी जे आहे तेच पाहण्याजोगे आहे, असा विश्वास त्यांनी डच मुलांच्या एका पिढीला दिला. टिनबर्गन याच पिढीचे अपत्य.

घरात जलचर पाळण्याची रीत तोवर युरोपात रुळली होती. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या आणि पाणी वारंवार न बदलताही त्या नांदतात, हे दाखवून दिले. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवतात आणि कुजणारा पाला गोगलगाई खाऊन टाकतात. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या पुस्तकाने या छंदाचे इंग्लंडमध्ये वेडच पसरवले. काळाच्या ओघात काचपेटीत आले ते सोनेरी मासे आणि उष्ण प्रदेशांतील रंगीत मासे. चरातला गावठी मासा पाळणे हा मुख्यतः मुलांचा आणि निसर्गवेड्यांचा उद्योग राहिला.

टिनबर्गन यांच्या परसात अशा दोन छोट्या काचपेट्या होत्या. त्यांत दर वसंतात नांदत असे तो तीन काट्यांचा स्टिकलबॅक. हा मासा आपल्याकडे आढळत नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत, समुद्रकाठापासून ओढ्यांपर्यंत तो विपुल आहे. लांबी पाच ते आठ सेंटिमीटर. पाठीवर तीन टोकदार काटे आणि अंगाला खवल्यांऐवजी हाडांच्या चकत्या. खाण्याच्या दृष्टीने त्याला मोल नाही. परंतु छोट्या काचपेटीसाठी त्याच्याइतका सोयीचा मासा शोधून सापडणार नाही. त्याला पाणी तापवणारे यंत्र लागत नाही. उलट पाणी कोमट झाले की त्यातील प्राणवायू कमी होतो आणि तो गुदमरतो. थंड जागा, तळाशी वाळूचा थर, थोड्या पाणवनस्पती आणि पाणपिसवा किंवा बारीक किडे असे जिवंत खाद्य एवढ्यावर तो तृप्त असतो. अट एकच. पेटी लहान असेल तर वसंतात तिच्यात एकच नर ठेवावा. दोन ठेवले तर दुबळ्या नराला पळायला जागा उरत नाही.

शाळेतील जीवशास्त्राच्या शिक्षकांनी या मुलाची आवड हेरली आणि वर्गातील समुद्राच्या पाण्याच्या तीन काचपेट्या त्याच्या हवाली केल्या. मधल्या सुटीतही तो वर्गातच राहू लागला. या मुलाला मोकळी हवा एरवीच भरपूर मिळते, अशी ग्वाही शिक्षकांनी मुख्याध्यापकांकडे दिली म्हणे! तरीही शालेय शिक्षण संपल्यावर विद्यापीठात जाऊन जीवशास्त्र शिकावे असे टिनबर्गन यांना वाटेना. मृत प्राण्यांची चिरफाड आणि वर्गीकरणाच्या याद्या यांत त्यांना गोडी नव्हती. १९२५ साली घरच्यांच्या स्नेह्यांनी त्यांना बाल्टिक समुद्राकाठच्या रॉसिटेन येथील पक्षिनिरीक्षण केंद्रावर धाडले. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे पाहून ते परतले आणि मग लायडन विद्यापीठात दाखल झाले.

डॉक्टरेटसाठी त्यांनी निवडली मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी. वाळूतील शेकडो सारख्याच दिसणाऱ्या बिळांतून तिला स्वतःचे बीळ नेमके कसे सापडते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी बिळाभोवती पाइनच्या सुक्या फळांचे कडे मांडले आणि माशी शिकारीला गेल्यावर ते कडे थोडे बाजूला सरकवले. परतलेली माशी बिळाकडे न जाता रिकाम्या कड्याच्या मध्यभागी उतरली. ती खुणा पाहून वाट शोधते, हे सिद्ध झाले. त्यावरचा त्यांचा प्रबंध जेमतेम ३२ पानांचा होता. १९३२ साली पदवी मिळताच एलिझाबेथ रुटेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे नवदांपत्य ग्रीनलंडला रवाना झाले. तेथे इनुइट लोकांच्या वस्तीत सुमारे वर्षभर राहून त्यांनी हिमप्रदेशातील पक्ष्यांचे आणि कुत्र्यांच्या टोळ्यांचे निरीक्षण केले.

परतल्यावर लायडन येथे विद्यार्थ्यांना प्राण्यांच्या वर्तनाचे प्रात्यक्षिक शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यासाठी प्राणी हवा होता स्वस्त, सहज मिळणारा आणि काचेच्या चार भिंतींतही आपले नैसर्गिक आयुष्य न बिघडवता जगणारा. बालपणीचा मित्र मदतीला आला. प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी काचपेट्या ओळीने मांडल्या गेल्या आणि परसातल्या छंदाचे शास्त्रात रूपांतर होऊ लागले.

काचपेटीत जे घडे ते एखाद्या नाटकासारखे अंकाअंकाने उलगडे. वसंतात दिवस मोठे होऊ लागले की नराचे पोट लालभडक होते आणि डोळे निळसर चमकू लागतात. तो तळाच्या वाळूत तोंडाने खड्डा खणतो, शेवाळाचे तंतू आणून त्यात रचतो आणि मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या चिकट द्रवाने ते सांधतो. मग त्या ढिगातून अंग घुसवून आरपार बोगदा पाडतो. हे झाले घरटे. फुगीर पोटाची मादी आली की तो तिच्यासमोर नागमोडी नाच करतो. ती मागे आली की घरट्याच्या तोंडाशी आडवा होऊन नाकाने प्रवेशद्वार दाखवतो. ती आत शिरताच तिच्या शेपटीच्या बुडाशी तो तोंडाने थरथरते ठोसे देतो आणि तेव्हाच ती अंडी घालते. ती निघून गेल्यावर नर आत जाऊन अंडी फलित करतो. पुढचा सारा संसार एकट्या नराचा. तो घरट्यासमोर पर हलवून अंड्यांना ताजे पाणी घालत राहतो आणि आठवडाभराने पिल्ले निघाल्यावर भरकटलेले पिल्लू तोंडात धरून घरट्यात परत आणून सोडतो.

हे सारे त्याआधी कुणी पाहिले नव्हते असे नाही. माशाचे घरटे एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांनाही ठाऊक होते. टिनबर्गन यांचे वेगळेपण असे की त्यांनी पाहण्याला विचारण्याची जोड दिली. एका कृतीने दुसरी कृती सुरू होते, ती नेमकी कशामुळे? याचे उत्तर त्यांनी माशाकडूनच मिळवले. मेणाचे व लाकडाचे ओबडधोबड नमुने करून त्यांनी नरासमोर धरले. माशाची हुबेहूब प्रतिकृती, पण पोट लाल नाही. तिच्याकडे नराने फारसे लक्ष दिले नाही. माशासारखा न दिसणारा, पण खालून लाल रंगवलेला ठोकळा दिसताच तो त्यावर धावून गेला. फुगीर पोटाचा नमुना दाखवला की तो नागमोडी नाचू लागे. घरट्यातील मादीला नराऐवजी काचेच्या कांडीने थरथरते ठोसे दिले तरी ती अंडी घाली. प्राणी समोरच्या दृश्यातील सगळे काही जमेस धरीत नाही. एखाद्या ठळक खुणेला तो प्रतिसाद देतो, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला. प्रयोगशाळेसमोरच्या रस्त्याने टपालखात्याची लाल मोटार जाई तेव्हा खिडकीतील नर काचेकडे धाव घेत, ही हकीकत टिनबर्गन यांनी नोंदवली आणि ती पुढे पाठ्यपुस्तकांत अजरामर झाली.

आणखी एक प्रयोग तितकाच बोलका आहे. एकाच मोठ्या पेटीत दोन नरांनी दोन टोकांना घरटी बांधली. टिनबर्गन यांनी दोघांना वेगवेगळ्या काचनळ्यांत घातले आणि दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून पहिल्याच्या हद्दीत नेल्या. पहिला हल्ल्याला सरसावला, दुसरा पळायची वाट शोधू लागला. नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेताच भूमिका उलटल्या. मासे तेच, बळही तेच; बदलली होती केवळ जागा. आपल्या घरी कोणीही शूर असतो, ही लोकव्यवहारातील समजूत अशी मोजून-मापून पाहता आली, तीही एका काचपेटीत आणि नाममात्र खर्चात.

१९३६ साली लायडन येथे कोनराड लोरेन्झ यांची व त्यांची भेट झाली. लोरेन्झ कल्पनांनी ओसंडणारे, टिनबर्गन त्या कल्पना कसाला लावणारे. पुढच्या वसंतात टिनबर्गन ऑस्ट्रियात त्यांच्याकडे राहिले आणि घरट्याबाहेर गेलेले अंडे हंसी चोचीने कसे ओढून आणते, यावर दोघांनी मिळून काम केले. मैत्री जडली, पण लवकरच महायुद्धाने दोघांना विरुद्ध बाजूंना लोटले. लोरेन्झ १९३८ मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले होते. इकडे जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये लायडनच्या प्राध्यापकांनी ज्यू सहकाऱ्यांच्या हकालपट्टीचा निषेध केला आणि विद्यापीठ नाझी मुठीत जाऊ नये म्हणून १९४२ मध्ये बहुसंख्यांनी राजीनामे दिले. टिनबर्गन त्यांत होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांना पकडून सिंट मिखिल्सखेस्टल येथील ओलिसांच्या छावणीत डांबण्यात आले. डच प्रतिकारकांनी काही घातपात केला तर बदला म्हणून ठार मारण्यासाठी ही माणसे राखून ठेवलेली होती. त्याआधीच्या महिन्यात पाच ओलिसांना गोळ्या घातल्याही गेल्या होत्या.

पुढची दोन वर्षे टिनबर्गन यांनी त्या टांगत्या तलवारीखाली काढली. पत्नीने एकटीने टंचाईच्या दिवसांत संसार ओढला. छावणीत त्यांनी शास्त्रीय लेखन केले. पण तेथे लिहिलेली सर्वांत हृद्य गोष्ट वेगळीच आहे. घरी असलेल्या मुलांसाठी त्यांनी पत्रांतून चित्रमय कथा पाठवल्या. एक होती कुरव पक्ष्याची, दुसरी एका स्टिकलबॅकची. युद्धानंतर त्या दोन्ही पुस्तकरूपाने निघाल्या. उद्या जिवंत असू की नाही हे ठाऊक नसलेला एक बाप आपल्या मुलांना घरटे बांधणाऱ्या, अंड्यांना वारा घालणाऱ्या आणि पिल्लांची राखण करणाऱ्या माशाची गोष्ट लिहून धाडतो, यातील अर्थ निराळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

१९४४ च्या सप्टेंबरात त्यांची सुटका झाली. युद्धानंतर लायडन येथे ते प्राध्यापक झाले. नाझींबद्दलची कटुता मनात होती. तरी १९४९ साली इंग्लंडमध्ये लोरेन्झ यांची गाठ पडली तेव्हा त्यांनी मैत्रीचा हात पुन्हा पुढे केला. त्याच वर्षी मायदेशातील मानाचे प्राध्यापकपद सोडून ते ऑक्सफर्डला गेले आणि तेथे तुलनेने कनिष्ठ अशी व्याख्यात्याची जागा स्वीकारली. इंग्रजी जाणणाऱ्या जगापर्यंत हे नवे शास्त्र पोहोचवायचे, हा त्यामागचा हेतू होता. १९५१ सालचे त्यांचे 'द स्टडी ऑफ इन्स्टिंक्ट' हे पुस्तक या शास्त्राचे पहिले महत्त्वाचे पाठ्यपुस्तक मानले जाते.

ऑक्सफर्डमध्येही काचपेट्या आल्या. पुढे 'द नेकेड एप' या पुस्तकामुळे गाजलेले डेस्मंड मॉरिस यांनी टिनबर्गन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली ती दहा काट्यांच्या स्टिकलबॅकच्या अभ्यासावर. रिचर्ड डॉकिन्स हेही त्यांचेच विद्यार्थी. स्वतः टिनबर्गन मात्र अधिकाधिक रमले ते समुद्रकाठच्या कुरव पक्ष्यांत. पिल्लू बाहेर आल्यावर कुरव अंड्याचे कवच चोचीत धरून घरट्यापासून दूर का टाकतो, असे वरकरणी क्षुल्लक कोडे त्यांनी घेतले. कवचाचा पांढरा आतला भाग कावळ्यांना घरट्याचा सुगावा देतो, हे प्रयोगांनी दाखवले. १९६३ मध्ये त्यांनी या साऱ्या अनुभवाचे सार चार प्रश्नांत मांडले. प्राणी एखादी कृती करतो तेव्हा तिचे तात्कालिक कारण कोणते? ती त्याच्या वाढीच्या काळात कशी घडली? जगण्यासाठी तिचा उपयोग काय? आणि उत्क्रांतीच्या ओघात ती कशी आली? आजही वर्तनशास्त्राचा विद्यार्थी हे चार प्रश्न शिकूनच पुढे जातो.

टिनबर्गन यांची सगळीच उत्तरे काळाच्या कसोटीवर टिकली असे मात्र नाही. लाल पोटाचा प्रयोग पुढच्या संशोधकांनी अधिक काटेकोरपणे केला, तेव्हा नर लाल नमुन्यावरच अधिक त्वेषाने तुटून पडतो असे दर वेळी आढळले नाही. काही प्रयोगांत तर उलटे दिसले. रंगाचा परिणाम जागा, प्रसंग आणि आधीचा अनुभव यांवरही अवलंबून असतो, असे आता मानले जाते. यामुळे त्यांचे मोठेपण उणावत नाही. प्रश्न इतका स्पष्ट मांडलेला होता आणि साधने इतकी साधी होती, की कुणालाही तो प्रयोग पुन्हा करून उत्तर तपासता आले. चांगल्या शास्त्राची हीच तर खूण आहे.

बाहेरून यशस्वी दिसणाऱ्या या आयुष्याला काळी किनार होती. टिनबर्गन यांना नैराश्याचे दीर्घ झटके येत. आपण जन्मभर जे केले ते निव्वळ चैनीचे काम, माणसांच्या उपयोगी काहीच पडलो नाही, अशी बोचणी त्यांना लागून राही. १९५५ मध्ये धाकटे बंधू लुक यांनी स्वतःचे जीवन संपवले. तो घाव खोल होता. याच बोचणीतून उतारवयात ते पत्नीसह स्वमग्न मुलांच्या अभ्यासाकडे वळले. नोबेल स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानातही त्यांनी हा विषय घेतला आणि १९८३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. स्वमग्नतेचे मूळ मुख्यतः आई व मूल यांच्या बिघडलेल्या भावबंधात आहे, हे त्यांचे मत पुढील संशोधनाने अमान्य ठरवले. अशा मतांमुळे अनेक मातांना विनाकारण दोष सोसावा लागला, हेही नमूद केले पाहिजे. चार दिवस नुसते पाहा, मग एकेक गोष्ट बदलून पाहा आणि मगच बोला, ही शिस्त त्यांनी माशाच्या बाबतीत पाळली होती. माणसाच्या दुःखावर उपाय शोधण्याच्या घाईत ती सैल झाली. हेतू निर्मळ असला तरी शिस्तीला पर्याय नसतो, हा धडा खुद्द त्यांच्याच आयुष्यात वाचायला मिळतो.

२१ डिसेंबर १९८८ रोजी ऑक्सफर्ड येथे टिनबर्गन यांचे निधन झाले. त्यांचा लाडका मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. २०१२ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्रातून गोड्या पाण्यात आलेल्या स्टिकलबॅकांच्या अंगावरील हाडांचे चिलखत ठिकठिकाणी कसे कमी होत गेले, याचा माग आता जनुकांपर्यंत लागला आहे. उत्क्रांती घडताना पाहायची असेल तर या माशाकडे पाहा, असे जीवशास्त्रज्ञ मानतात.

वन्य मासे पकडून पाळण्यावर आता अनेक देशांत निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. काचपेटीतला मासा पुन्हा भलत्याच पाण्यात सोडल्याने रोग पसरतात, हेही आपल्याला कळले आहे. परंतु टिनबर्गन यांच्या त्या दोन छोट्या पेट्यांचे मोल मासा पकडण्यात नव्हतेच. आपल्या आसपासच्या पाण्यात जे आहे ते हलके समजू नये, ते जगते त्याच रीतीने त्याला जगू द्यावे, आणि त्याने काही दाखवावे म्हणून वाट पाहण्याची आपली तयारी असावी, एवढेच त्या पेट्यांनी एका मुलाला शिकवले. नोबेल पारितोषिकापर्यंत नेणारी वाट इतक्या साध्या शिकवणुकीतून निघते, हे त्यांच्या चरित्राचे सांगणे आहे.